पहिला मार वॉचमनला

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला ९ डिसेंबर २०२४ ला. नागपूर अधिवेशनात विरोधी बाकांवरून जितेंद्र आव्हाडांनी जाब विचारला. विचारायलाच पाहिजे होता. मंत्री धनंजय मुंडेंचा जवळचा माणूस आरोपी. तरी त्यांचा राजीनामा आला ८५ दिवसांनी, ४ मार्च २०२५ ला. वर तब्येतीचं कारण!

पण मी विचारतो, भांडण पेटलं कशावरून? ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, पवनचक्कीवाल्या कंपनीच्या आवारात दलित वॉचमनला मारलं. सरपंच मध्ये पडले. पुढं जिल्हाभर मराठा-वंजारी एवढंच ऐकू आलं. वॉचमन कुठं गेला?

विरोधकांनो, खुर्ची गेली म्हणून हिशेब मिटत नाही. पहिला हात आमच्यावर पडतो, तेव्हाच उठा. नाहीतर दोस्तहो, जाब आपणच विचारू. तुमच्यासकट!