परसदारी : वाण लुटा, पण बियाण्याचे!

संक्रांत तोंडावर आली. गावोगावच्या बाजारात वाणाच्या वस्तूंचे ढीग लागले आहेत. प्लॅस्टिकचे डबे, चहाची गाळणी, स्टीलच्या वाट्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकेका घरी अशा दहा-पंधरा वस्तू गोळा होतात आणि फळीवर जाऊन बसतात. पुढच्या संक्रांतीपर्यंत त्यांना कोणी हातही लावीत नाही.

आपल्या भाषेत 'वाण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हळदीकुंकवाला सुवासिनी एकमेकींना देतात ते वाण, आणि भेंडीचे, दुध्याचे, घेवड्याचे असते तेही वाणच. यंदा भगिनींनी हे दोन्ही अर्थ एकत्र आणावेत, अशी माझी विनंती आहे. डब्याऐवजी घरच्या बियांची एक पुडी द्यावी. दुध्याच्या दहा बियांना खर्च काहीच नाही, आणि त्यातले दोन वेल जगले तरी उन्हाळाभर घरची भाजी होते. योगही चांगला आहे. हळदीकुंकवाचे दिवस संपता संपताच उन्हाळी परसबाग लावण्याची वेळ येते.

माझी चूक

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. एका आजीने शिकवली, आणि तीही माझी चूक झाल्यावर.

नोकरीची पहिली वर्षे होती. माण तालुक्यातील एका वाडीत परसबागेचा कार्यक्रम घ्यायचा होता. चावडीवर सभा ठेवली की पुरुष येत, बाया येत नसत. म्हणून मी हळदीकुंकवाचा दिवस साधला. बरोबर संकरित दुधी आणि भेंडीच्या पुड्या नेल्या होत्या. अर्धा तास बोललो आणि शेवटी मोठ्या उत्साहाने सांगितले, "घरचे जुने बी आता टाकून द्या. हे बी लावा आणि फरक बघा."

आतल्या सोप्याच्या उंबऱ्याशी एक म्हातारी बसली होती. कपाळ मोकळे. ती समारंभात नव्हती, नुसती ऐकत होती. ती म्हणाली, "सायेब, ह्ये बी आत्ताच टोकू नगासा. राती अजून गार हाईत. भुईत कुजंल. शिवरात जवळ येऊ द्या." बाया हसल्या. मीही हसलो.

दुसऱ्याच दिवशी ज्यांनी बी टोकले त्यांचे निम्मेही उगवले नाही. ज्यांनी उशिरा टोकले त्यांचे वेल मात्र मांडवभर झाले, आणि मला वाटले की आपले काम झाले. पुढच्या वर्षी बायांनी त्याच फळांचे बी धरून लावले. तेव्हा एका वेलाला लांब दुधी, दुसऱ्याला आखूड, तिसऱ्याला तुंबडीसारखा, आणि एका घरचा तर कडू निघाला. संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत असे फुटते, हे मला ठाऊक होते. पण पुडी देताना मी ते सांगितले नव्हते. तोपर्यंत बऱ्याच घरांतले जुने बी माझ्या शब्दावर उकिरड्यात गेले होते.

मी पुन्हा त्या वाडीत गेलो तेव्हा सगळ्या बाया त्याच आजीकडे जात होत्या. तिच्या मडक्यात राखेत घातलेले दुधी, दोडका आणि चवळीचे बी होते. भिंतीवर शेणाच्या गोळ्यात भोपळ्याच्या बिया थापलेल्या होत्या. तिने प्रत्येकीला मूठभर बी दिले. ज्यांच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे नव्हते, त्यांनाही दिले.

केव्हा काय लावावे

आजीचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, कारली या सगळ्या उबेच्या भाज्या. जमीन गार असली की बी पाणी पिते पण कोंब काढीत नाही, आणि मग बुरशीने कुजते. म्हणून जानेवारीत वाफे तयार करावेत, शेणखत किंवा लेंडीखत मिसळून ठेवावे आणि पहाटेचा गारठा मोडला की बी टोकावे. कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस भागात हे काम फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करता येते. माण, खटाव, आटपाडीच्या माळावर रात्री जास्त दिवस गार राहतात. तिथे आठ-दहा दिवस थांबावे. मात्र फेब्रुवारी उलटू देऊ नये, कारण फुलोरा कडक उन्हात सापडला की फुले गळतात.

कारली आणि दोडक्याच्या बियांचे कवच टणक असते. त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, मग ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळच्या उबेला ठेवाव्यात. कोंब डोकावला की टोकाव्यात. भेंडीला एक रात्र भिजवणे पुरते. काकडीला चार-पाच तास बस्स.

वेलभाज्यांसाठी दोन-दोन फूट रुंदीची आळी करावीत. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोकून उगवल्यावर दोन जोमदार रोपे ठेवावीत. भेंडी आणि गवारीच्या दोन ओळींत एक-दीड फूट आणि दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. वांगी आणि मिरचीचे रोप आताच गादीवाफ्यावर टाकावे, म्हणजे पाच-सहा आठवड्यांत लावणीला येते. मेथीचा हंगाम आता सरत आला. तिच्या जागी तांदुळजा, लाल माठ, राजगिरा लावावा. कोथिंबीर हवी असेल तर धणे हलके रगडून दोन फाकळ्या कराव्यात आणि वेलाच्या मांडवाखाली सावलीत पेराव्यात.

जमीन पाहूनही पद्धत बदलावी. नदीकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते, तिथे वरंब्यावर लावावे. माणदेशातील मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे खोलगट आळी करून खत जास्त घालावे.

एक शंका दरवर्षी येते. "वेलाला फुले येतात, पण फळ धरत नाही." वेलावर आधी नरफुले येतात, मादीफुले मागाहून. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, तीच खूण. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. मधमाश्या फिरकत नसतील तर तिन्हीसांजेला नरफूल तोडून मादीफुलावर हलके फिरवावे. काकडी आणि कारल्याला हे काम सकाळी करावे.

पाणी आणि औषध

टेंभू, म्हैसाळ, ताकारी, उरमोडी या योजनांचे पाणी आज अनेक दुष्काळी गावांच्या शिवारात आले आहे. पण परसबाग घराजवळ असते, आणि घराजवळ उन्हाळ्यात हंड्याचाच हिशोब असतो. पाणी आले तिथे ऊस आणि द्राक्ष आले, आणि भाजी मात्र बाजारातून येऊ लागली, हेही मी पाहतो. पोषणतज्ज्ञ माणशी रोज तीनशे ते चारशे ग्रॅम भाजी सांगतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड-दोन किलो झाली. विकत घेऊन एवढी भाजी किती घरांत शिजते, हे ज्याचे त्याने पाहावे.

म्हणून पाण्याएवढीच बाग धरावी. अर्ध्या गुंठ्याची नीट राखलेली बाग दोन गुंठ्यांच्या करपलेल्या बागेपेक्षा बरी. ऊस असलेल्या गावी पाचट आणि इतर ठिकाणी काड किंवा वाळला पाला रोपांभोवती चार बोटे जाड पसरावा. दोन पाळ्यांतले अंतर वाढते. पाणी फारच कमी असेल तर पाणी झिरपणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरून वर झाकण ठेवावे आणि भोवती चार वेल लावावेत. न्हाणीचे साबणाचे पाणी केळ, अळू आणि शेवग्याला द्यावे. पालेभाजीला आणि कच्च्या खायच्या काकडीला देऊ नये.

मावा-तुडतुड्यांसाठी पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून फवारावी. भेंडीची पाने शिरांतून पिवळी पडली की तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते. असे झाड उपटून टाकावे, जीव गुंतवू नये. कीडलेली काकडी, कारली वेलाखाली पडू न देता खोल पुरावीत, म्हणजे फळमाशीची पैदास थांबते.

द्राक्षाचे किंवा उसाचे औषध पंपात उरले म्हणून परसबागेवर मारू नये. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास सरकारने २००५ मध्येच बंदी घातली आहे. आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत बी काय, कोणतीच वस्तू साठवू नये. दुधी चिरताना एक फोड चाखून पाहावी. कडू लागली तर तो सगळा दुधी टाकून द्यावा. शिजवून किंवा साखर घालून त्यातले विष जात नाही, आणि त्याच्या रसाने माणसे दगावली आहेत.

बी राखणे

वाण द्यायचे तर बी नीट राखलेले हवे. निरोगी, भरपूर लागणाऱ्या वेलावरचे दुसरे-तिसरे फळ बियाण्यासाठी सोडावे. त्याला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे कोणी तोडणार नाही. भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. दुधी, दोडका वेलावर पक्व होऊन आत बी खुळखुळेपर्यंत ठेवावा. काकडी पिवळी पडू द्यावी. बी धुऊन सावलीत वाळवावे, भर दुपारच्या उन्हात नाही. मग कोरडी राख चोळून डब्यात किंवा मडक्यात घट्ट झाकून ठेवावे.

चवळी, घेवडा, टोमॅटो यांचा परागसंकर सहसा घरच्या घरीच होतो, म्हणून त्यांचे बी सरळ उतरते. वेलभाज्यांचे तसे नाही. शेजारी दुसऱ्या जातीचा दुधी असेल तर दोघांची भेसळ होते. बियाण्याचे फूल हवे असेल तर उमलण्याआधीच कागदी पिशवीने झाका, हाताने पराग लावा आणि पुन्हा झाका. कांद्याचे बी वर्षभरातच कमकुवत होते. काकडी-दुध्याचे तीन-चार वर्षे टिकते. शंका असेल तर दहा बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. सात-आठ उगवल्या तर बी चांगले.

ज्यांच्या घरी जुने बी उरलेले नाही, त्यांनी दुकानात 'संकरित' नव्हे, 'सुधारित' वाण मागावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'सम्राट' दुधी, 'फुले सुचेता' दोडका आणि 'हिमांगी' काकडी, परभणीची 'परभणी क्रांती' भेंडी, 'पुसा नवबहार' गवार ही काही नावे. यांचे बी पुढच्या वर्षी धरता येते. संकरित बियाणे वाईट असते असे नाही. ते जास्त उत्पन्न देते, पण दरवर्षी विकत घ्यावे लागते. माझी चूक संकरित बी दिले ही नव्हती, जुने टाकायला सांगितले ही होती. घरचे बी राखण्याचा, वापरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे.

या कामाची थोरवी पाहायची असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे पाहावे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान बियांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडेही बियांची श्रीमंती आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव तर घरोघर आहे.

पुडी कशी द्यावी

पुडी जुन्या वहीच्या कागदाची चालेल. लिहिण्याचे काम शाळेतल्या मुला-मुलींना द्यावे. भाजीचे नाव, बी कोणत्या महिन्यात धरले, वाण सरळ की संकरित, आणि कोणाच्या घरचे, या चार गोष्टी लिहाव्यात. खाली एक ओळ अनुभवाची असावी. 'मांडवावर चढवा, जमिनीवर फळ कुजते' अशी. ती ओळ बियांइतकीच मोलाची आहे.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या आळीत सर्वांत जुने बी कोणाकडे आहे, याचा शोध घ्या. बहुतेक वेळा ते एखाद्या म्हाताऱ्या आजीकडे, मावशीकडे निघते, आणि तिला हळदीकुंकवाचे बोलावणे नसते. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांना वेगळे पाडणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. हेरवाड सांगलीहून काही फार दूर नाही. ठराव होईल तेव्हा होवो, बियाण्याच्या वाणाला कोणाच्या ठरावाची गरज नाही. यंदा पहिले बोलावणे तिला द्या, पहिली पुडी तिच्या हातून घ्या आणि बी कसे राखले ते तिला सर्वांसमोर सांगू द्या.

माणमधली ती आजी आता नाही. तिच्या दुध्याचे बी त्या वाडीत अजून पाच-सहा घरांत आहे. गेल्या वर्षी त्यातल्या दहा बिया मीही मागून आणल्या. फेब्रुवारीत टोकल्या, पहाटेचा गारठा मोडल्यावर.

पुढील अंकात वेलांचा मांडव कमी खर्चात कसा करावा ते पाहू.