वृद्धाश्रमात ईद नसताना जा

मागच्या ईदला आम्ही मोहल्ल्यातले आठ-दहा जण शहरातल्या एका वृद्धाश्रमात शीरखुर्मा घेऊन गेलो होतो. धुतलेले अंगण, स्वच्छ चादरी, हसरे चेहरे. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, खाली भरपूर ‘माशाअल्लाह’ आले. आमच्या गल्लीतल्या एक खाला तिथे राहतात. निघताना माझा हात धरून त्या एवढेच म्हणाल्या, “बेटा, कधी ईद नसताना ये.”

पंधरा दिवसांनी एका मंगळवारी संध्याकाळी न कळवता गेलो. सहा-सव्वासहालाच जेवणे उरकून दिवे बंद झाले होते. खालांची चादर ओली होती आणि उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला तसाच होता. पाणी का प्यायला नाहीत, असे विचारले तर म्हणाल्या, “प्यायले की रात्री उठावे लागते. न्यायला कोण येणार?” पस्तीस माणसांना रात्री एकच मावशी. तिला दोष कसा द्यायचा? बारा तासांची पाळी आणि तुटपुंजा पगार.

तो भरलेला तांब्या म्हणजेच वृद्धाश्रमाचा खरा अहवाल. म्हातारी माणसे मदतीच्या धास्तीने पाणी कमी पितात. त्यातून बद्धकोष्ठ होते, चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो. उतारवयात अशा संसर्गाने कधी कधी माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो आणि आपण म्हणतो, “वयामुळे डोके चालत नाही.” अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर काही तासांनी कूस बदलून दिली नाही तर पाठीला जखमा होतात. हे सगळे टळू शकते, पण त्यासाठी रात्री जागे असलेले पुरेसे हात लागतात.

‘आपल्यात वृद्धाश्रम नसतो’ असे आपण अभिमानाने सांगतो. पण मुले आखातात, घर दोन खोल्यांचे, सून-मुलगा दोघे कामावर, मूलबाळ नसलेली विधवा, तलाक झालेली आत्या: ही घरेही आपल्यातच आहेत. वृद्धाश्रमात ठेवणे बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण त्या लाजेमुळे आपण तिथे असलेल्यांबद्दल बोलतच नाही, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते कोणी तपासतही नाही. आईबापांना ‘उफ’ही म्हणू नये, हे आपण लहानपणीच शिकतो. ही शिकवण घराच्या उंबऱ्यावर संपते का?

कायद्याकडे पाहिले तर तिथेही पळवाट आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा एक तरी वृद्धाश्रम आणि सेवांचे दर्जे ठरवणारी योजना यांचा उल्लेख आहे. पण दोन्ही ठिकाणी शब्द ‘सरकार करू शकेल’ असा आहे, ‘करील’ असा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची माहिती राज्यांकडून गोळा करायला सांगितले. म्हणजे साधी मोजणी करण्यासाठीसुद्धा कोर्टाला सांगावे लागले. आपल्या जिल्ह्यात किती आश्रम आहेत, त्यांची तपासणी शेवटची कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारायला एक अर्ज पुरतो. तो अर्ज लिहायला आपल्यातला कोणताही पदवीधर समर्थ आहे.

त्या आश्रमाच्या व्यवस्थापकांशी आम्ही बोललो. ते चिडले नाहीत. म्हणाले, “ब्लँकेटे, फळे, एक वेळचे जेवण द्यायला लोक येतात. मावशीच्या पगारासाठी आजवर कोणी पैसे दिले नाहीत. पगाराचा फोटो निघत नाही ना.” हे ऐकून आम्ही गप्प झालो, कारण ते आमच्याबद्दलच होते.

म्हणून मित्रांनो, तीन गोष्टी सुचवतो. सणाऐवजी साध्या दिवशी, शक्यतो संध्याकाळी जा. गेल्यावर विचारा: रात्री किती माणसे कामावर असतात, औषधांची नोंद कोण ठेवते, डॉक्टर कधी येतात, संडासात धरायला दांडा आहे का, वजूला बसायची सोय आहे का, तक्रार करायची तर कोणाकडे. आणि फळांच्या पैशांतून दरमहा वर्गणी काढून रात्रीच्या दुसऱ्या मावशीचा पगार द्या. कुठे हाल दिसले आणि आश्रम ऐकत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

आम्ही बारा जणांनी वर्गणी सुरू केली आहे. दुसरी मावशी गेल्या महिन्यापासून येते. परवा गेलो तेव्हा खालांचा तांब्या अर्धा रिकामा होता.