किल्ली दिली म्हणजे संमती दिली असे नाही



२०२४च्या सुरुवातीला कॅनडातल्या टोरांटो शहरात, इटोबिको भागात, पोलिसांनी नागरिकांची एक बैठक घेतली. मोटारचोरांचा सुळसुळाट झाला होता. रात्री दार फोडून घरात शिरायचे, माणसांना धमकावायचे आणि किल्ली घेऊन गाडीसकट पसार व्हायचे, असे प्रकार वाढले होते. बैठकीत एका पोलिसाने सल्ला दिला की गाडीची किल्ली पुढच्या दाराजवळच ठेवा. चोरांना गाडीच हवी असते, ती मिळाली की ते तुमच्या अंगावर येणार नाहीत. बातमी छापून आली आणि गदारोळ उठला. चोरांना आता ताटात वाढून द्यायचे का, असे लोक विचारू लागले. शेवटी, सल्ल्यामागचा हेतू चांगला होता पण चोरी टाळण्याचे इतरही मार्ग आहेत, असा खुलासा पोलीस खात्याला करावा लागला.

मोटारीची किल्ली हा आपल्या अंकाचा विषय कसा, असे काहीजणींना वाटेल. आपल्यापैकी कित्येकींच्या दारात सायकलही नाही. पण टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. कोणाची लेक तिथे आहे, कोणाची बहीण. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. ‘विरोध करू नकोस’ आणि ‘विरोध का केला नाहीस’ ही दोन्ही वाक्ये बाई जन्मभर ऐकत आली आहे. त्यामुळे या प्रश्नावर स्त्रीचळवळीकडे सांगण्यासारखे काही आहे.

चोर घरात का शिरू लागले ते आधी पाहू. पूर्वी तारा जोडून गाडी चालू करता येई. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना ‘इमोबिलायझर’ सक्तीचा झाला. खरी किल्ली जवळ नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. पुढे बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या आल्या. त्यांची किल्ली आणि गाडी रेडिओ-संदेशाने एकमेकींना ओळखतात. भिंतीबाहेर उभे राहून घरातल्या किल्लीचा संदेश गाडीपर्यंत पोचवणारी यंत्रे चोरांनी मिळवली. ते जमले नाही तर किल्लीसाठी थेट घरात घुसायचे. टोरांटोत २०२३ या एका वर्षात १२ हजारांहून अधिक गाड्या चोरीला गेल्या. देशभरात वर्षाला सुमारे ९० हजार गाड्या जातात असा तेव्हा सरकारी अंदाज होता. यातल्या अनेक गाड्या कंटेनरमध्ये भरून मॉन्ट्रियल बंदरातून आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडे रवाना होत. दार फोडणारे हात पुष्कळदा कोवळ्या पोरांचे असतात, पकडलेल्यांत अठरा वर्षांखालची मुलेही आढळली आहेत. त्यांना पाठवणारे मात्र दूर बसलेले असतात.

अशा वेळी घरातल्या बाईने काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. गाडी जाऊ द्या, जीव राखा. आवाज आला म्हणून एकटीने जिना उतरून बघायला जाऊ नका. मुले आणि वृद्ध यांना एका खोलीत घ्या, आतून कडी लावा, ९११ला फोन लावा. त्यासाठी रात्री फोन उशाशी हवा. पोलिसांना फोन केला आहे, असे आतूनच मोठ्याने ओरडून सांगा. चोर समोरच आला आणि किल्ली मागितली तर ती कुठे आहे ते खरे सांगा, त्याची बाहेर जाण्याची वाट अडवू नका. गाडी घेऊन निघाला तर मागे धावू नका. उंची, आवाज, कपडे, कोणत्या दिशेने गेले, एवढे ध्यानात ठेवलेत तरी तपासाला मोठी मदत होते. किल्ली पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर तिचा संदेश बाहेर जाणे अवघड होते. दाराला भक्कम कडी, अंगणात दिवा, स्टिअरिंगला कुलूप, हे उपाय आहेतच.

त्याआधी घरात एक बोलणे व्हायला हवे. गाडी नवऱ्याची, किल्ली नवऱ्याच्या खिशात, आणि तो रात्रपाळीला गेलेला. लेकीच्या बाळंतपणासाठी इकडून गेलेली आई वरच्या खोलीत झोपलेली. तिला किल्ली कुठे असते ते ठाऊक नाही, इंग्रजी बोलता येत नाही. चोर तिच्यावर ओरडला तर तिने काय सांगायचे? टोरांटोत ९११वर दुभाष्याची सोय आहे, आपल्या भाषेचे नाव घेतले तरी पुरते. पण हे तिला आधी कोणी सांगायला हवे. तळघरात भाड्याने राहणारी मुलगी, घरात राहून मूल सांभाळणारी बाई, यांनाही सांगायला हवे. घराच्या सुरक्षेची माहिती फक्त घरच्या पुरुषाकडे असून चालणार नाही.

आता मर्दुमकीच्या प्रश्नाकडे वळू. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस टोरांटोच्या उत्तरेला व्हॉन शहरात, घरात घुसलेल्यांच्या गोळीने एका बापाचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या पोलीसप्रमुखांनी सांगितले की चोरांना भिडू नका, सुरक्षित जागी जा, ९११ला फोन करा, चांगले साक्षीदार व्हा. त्यावर टीका झाली. घरात घुसलेल्यापासून कुटुंब वाचवायला माणसाला हाती येईल ते वापरता आले पाहिजे, असे ओंटारियोचे प्रीमियर डग फोर्ड त्याच महिन्यात एका वेगळ्या प्रकरणात म्हणाले होते. अशा बोलण्याला टाळ्या पडतात. पण ‘घरचा पुरुष लढेल’ या अपेक्षेपायी पुरुष जीव गमावतात आणि मागे राहिलेली बाई एकटीने संसार ओढते. लोखंडाच्या एका गाडीसाठी कोणत्याही बापाने, मुलाने मरावे, असे आम्हाला वाटत नाही.

याचा अर्थ स्वसंरक्षणाचा हक्क सोडून द्यावा, असाही नाही. चोर गाडीवर थांबला नाही, अंगावर आला, तर बाईने हाती लागेल त्याने स्वतःला वाचवावे. कॅनडाचा कायदाही परिस्थितीला धरून वाजवी बळ वापरायला मुभा देतो. वाजवी काय हे ठरवताना दोघांचे वय, अंगकाठी, लिंग आणि पूर्वीच्या संबंधातला हिंसाचारही न्यायालयाने पाहायचा असतो. मारहाण करणाऱ्या जोडीदारापासून जीव वाचवणाऱ्या बाईची भीती तिच्या जागी उभे राहून समजून घ्या, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली एका खटल्यात मान्य केले होते. ही समज कायद्याला स्त्रियांच्या अनुभवातून आली.

आणि इथेच आपल्याला आपला जुना लढा आठवतो. चाकू दाखवला म्हणून कोणी स्वतःच्या हाताने किल्ली काढून दिली, तर ‘तुम्ही राजीखुशीने गाडी दिलीत’ असे कोणी म्हणत नाही. अंगावर ओरखडे नाहीत म्हणून चोर सुटत नाही. मृत्यूच्या किंवा इजेच्या तात्काळ भीतीने माणसाने स्वहस्ते वस्तू दिली तरी ती जबरी चोरीच, असे भारतीय दंड संहितेत १८६०पासून लिहिलेले होते. भीतीने मिळवलेली संमती खरी नव्हे, असे त्याच संहितेत बलात्काराच्या कलमातही होते. पण मथुरेच्या खटल्यात काय झाले? १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. केवळ अंगाने विरोध केला नाही म्हणून संमती होती असे धरू नये, हे वाक्य मात्र कायद्यात यायला २०१३ साल उजाडले. मोटारीच्या मालकाला जे न मागता मिळते, ते बाईला मिळायला इतकी वर्षे लागली.

म्हणून आपल्या शिबिरांत हे उदाहरण जरूर वापरा. ‘ती ओरडली का नाही?’ असे विचारणाऱ्याला विचारा, तुमच्या गळ्याला सुरी लावून कोणी किल्ली मागितली तर तुम्ही काय कराल? आणि तुम्ही ती दिलीत, तर आम्ही तिला देणगी म्हणायचे का?

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. किल्ली दाराशी ठेवा, हा सल्ला ‘रात्री एकटी बाहेर पडू नकोस’ या सल्ल्याचा सख्खा भाऊ आहे. एखाद्या रात्री तो जीव वाचवीलही. पण त्यावरच थांबले तर गुन्ह्याचा सगळा भार ज्याच्यावर गुन्हा होतो त्याच्या डोक्यावर येतो. किल्लीचा संदेश सहज पळवता येईल अशा गाड्या कोणी विकल्या? बंदरात कंटेनर न उघडता कोणी जाऊ दिले? कॅनडात फेब्रुवारी २०२४ मध्ये यावर राष्ट्रीय परिषद भरली, मे महिन्यात कृती आराखडा आला, कंटेनरांची तपासणी वाढली. त्या वर्षी चोऱ्यांचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा खाली आला. सरकारने आणि कंपन्यांनी करायची कामे त्यांच्याकडूनच करून घ्यायला हवीत.

परदेशी असलेल्या मैत्रिणींनी आपापल्या मंडळात यावर एक बैठक घ्यावी, अशी विनंती. घरी आलेल्या आई-सासूला ९११ लावायला शिकवा. आणि ज्या घरात मारणारा बाहेरून येत नाही, आतच राहतो, गाडीची किल्ली काढून घेऊन बाईला कोंडतो, तिथेही हाच नंबर लावायचा असतो, हे त्याच बैठकीत सांगा. काय चर्चा झाली ते आम्हाला जरूर लिहून कळवा.