सटवाईचा लेख आणि टोचणीचे कार्ड

मूल जन्मले की पाचव्या रात्री सटवाई येते व कपाळावर नशीब लिहून जाते, अशी आमच्या लोकांची जुनी समजूत आहे. त्यासाठी पाटा पुजतात, कोरा कागद व लेखणी मांडतात. त्या कागदावर सटवाईने काय लिहिले, हे आजवर एकाही आईबापास वाचता आलेले नाही. परंतु जालना जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवर त्याच घरात दुसराही एक कागद असतो. तो म्हणजे दवाखान्यातून मिळालेले टोचणीचे कार्ड. त्याचे रिकामे चौकोन मात्र आम्हांस स्पष्ट वाचता येतात, आणि ते वाचून आमचे पित्त खवळते!

जन्मताच क्षय, पोलिओ व कावीळ यांवरील लस. मग ६, १० व १४ आठवड्यांस घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची पाळी. ९ महिने भरताच गोवराची पहिली टोचणी, १६ ते २४ महिन्यांच्या आत दुसरी. हे सर्व सरकारी केंद्रात फुकट मिळते. मग चौकोन रिकामे का?

पंडितमंडळी चटकन म्हणतील, “लोक अडाणी, दुसरे काय?” आमच्यात खुळ्या समजुती आहेत, हे आम्ही लपवीत नाही. ज्या रोगाने घरोघरी पोरे नेली त्या रोगालाच आम्ही ‘देवी’ म्हणून हात जोडले. त्या देवीस किती नवस झाले व किती कोंबडी-बकरी कापली, याची गणती नाही. तरी ती हटली नाही. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस पहिली लस टोचली गेली, आणि १९८० साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवी गेली ती टोचणीने, नवसाने नव्हे. पुण्यास १८९७ साली प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुल्यांनी आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच प्लेगने त्या गेल्या. हा वारसा सांगणाऱ्यांनी लेकराच्या गळ्यात ताईत बांधून स्वस्थ बसावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

परंतु सगळे खापर अडाणीपणावर फोडणे हा लबाडीचा न्याय होय. दसरा-दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड, भोकरदन या भागांतील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडण्यास बाहेर पडतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. आता वाचकांनीच हिशेब करावा. दसऱ्यास जन्मलेल्या लेकराच्या ६, १० व १४ आठवड्यांच्या तिन्ही पाळ्या उसाच्या फडात येतात. होळीस जन्मलेल्याची गोवराची पाळी नेमकी पुढच्या हंगामात येते. कार्ड गावच्या उपकेंद्राचे, लेकरू परमुलखातील कोपीत! सरकारने डिसेंबर २०१४ पासून मिशन इंद्रधनुष्य चालविले आहे व स्थलांतरितांच्या वस्त्या त्यात घेतल्या आहेत. योजना वाईट नाही. परंतु परिचारिका कोप्यांवर येते तेव्हा आई पहाटेच कोयता घेऊन फडात गेलेली असते. तिने एक दिवस दवाखान्यात घालविला तर मुकादम खाडा धरतो व पैसे कापतो. लस फुकट आहे. खाडा फुकट नाही! हे ज्यास कळले नाही त्याने आमच्या आयाबहिणींस अडाणी म्हणू नये.

कारखानदार म्हणतात, “मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे.” वाहवा! ऊस तुमचा, साखर तुमची, नफा तुमचा, आणि ऊस तोडणारी बाई तेवढी परकी? ज्या काट्यावर उसाचा किलो न् किलो मोजला जातो, त्याच्या मालकांस फडातील लेकरे जोखण्यास एक लहानसा काटा ठेववू नये काय? येथे आता भटाच्या नावाने बोटे मोडण्याचीही सोय उरलेली नाही. चेअरमनच्या खुर्चीवर बहुतेक आमचेच भाऊबंद बसले आहेत. बहुजनांच्या नावाने मते मागावयाची आणि बहुजनांची पोरे पाचटावर टाकावयाची, हा कोणता धर्म?

लेकरास हगवण लागली की लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ कालवून थोडे थोडे पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि दवाखाना गाठावा. एवढ्याने पुष्कळ जीव वाचतात. जी माउली सबंध हंगाम साखरेचा ऊस तोडते, तिच्या लेकराने सहा चमचे साखरेवाचून आणि हंडाभर चांगल्या पाण्यावाचून मरावे, याहून मोठा कलंक साखरधंद्यास कोणता?

आमचे मागणे थोडके आहे. टोळ्या निघण्यापूर्वी आशाताई व अंगणवाडीच्या बाईंनी पाच वर्षांखालील प्रत्येक लेकराची यादी करून ती जेथे टोळी जाणार तेथील आरोग्य केंद्रास धाडावी. परिचारिकेने कोप्यांवर दिवेलागणीस यावे. टोचणीच्या दिवसाचा खाडा कोणी धरू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांनी व तितकेच सरकारने द्यावयाचे ठरले आहे. त्यातून त्या दिवसाची मजुरी आईच्या हाती पडावी. आणि बंधूंनो, तुम्हीही उचल घेताना मुकादमास या दोन गोष्टी आधी बोलून घ्या, मग अंगठा उठवा. कार्ड गाठोड्यात जपून न्या. ते दाखविले की परगावच्या सरकारी केंद्रातही लस मिळते.

सटवाईचा कागद कोरा राहिला तरी कोणाचे काही बिघडत नाही. टोचणीचे कार्ड कोरे राहिले तर लेकरू जाते, आणि त्याचा जाब सटवाईस नव्हे, आम्हां सर्वांस द्यावा लागेल.