विश्लेषण : जुना व्हिडीओ ‘फोर-के’ झाला, पण त्यातला चेहरा कुणाचा?

घरात ५५ इंची टीव्ही आला की कपाटातली लग्नाची जुनी सीडी बाहेर निघते. चित्र मात्र धूसर, चेहरे चौकटी-चौकटींचे. मग ‘एका क्लिकमध्ये फोर-के’ करून देणाऱ्या अ‍ॅपचा शोध सुरू होतो. हा दावा कितपत खरा?

आकडे काय सांगतात?

आपल्याकडच्या व्हिडीओ सीडीतील एका चित्रात ३५२ गुणिले २८८, म्हणजे साधारण १ लाख पिक्सेल असतात. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख. फोर-के पडद्यावर मात्र ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. डीव्हीडीतील एका पिक्सेलच्या जागी २० पिक्सेल लागतात. उरलेले १९ येतात ते अंदाजाने.

हा अंदाज कसा बांधला जातो?

साध्या पद्धतीत शेजारच्या पिक्सेलच्या रंगांवरून मधली जागा भरली जाते. हे काम फोर-के टीव्ही स्वतःच करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी अ‍ॅप पुढे जातात. असंख्य चित्रांवरून शिकलेल्या नमुन्यांतून ती केस, त्वचा, कापडाचा पोत नव्याने रचतात. शालूची जर उठून दिसते, यात वाद नाही. पण मागच्या रांगेत बसलेल्या आजीचा चेहरा मूळ चित्रात जेमतेम २०-३० पिक्सेलचा असेल, तर अ‍ॅप दाखवते तो तिच्यासारखा दिसणारा एक चेहरा. सुरकुत्या गुळगुळीत होतात, डोळे बदलतात.

मग जुने चित्रपट लख्ख कसे दिसतात?

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील आगीत होरपळल्या. तरीही २०१५ मध्ये तो फोर-के स्वरूपात झळकला, कारण वाचलेल्या फिल्मवर तपशील मुळातच होता. तो स्कॅन करून घेता आला. सीडीत तो तपशील नसतोच.

काय करावे?

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत घेऊ नये. पाठवताना ती आणखी दाबली गेलेली असते. मूळ कॅसेट किंवा डिस्कवरूनच प्रत काढावी. हालचालीत आडव्या रेघा दिसत असतील, तर आधी ‘डीइंटरलेस’ करावे. चौकोनी चित्र ओढून पडदाभर करू नये. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील. प्रथम दोन मिनिटांचा तुकडा पेन ड्राइव्हने टीव्हीवर लावून पाहावा. अनेकदा टीव्हीचे स्वतःचे काम पुरेसे ठरते.

अ‍ॅप वापरायचेच असेल, तर चेहरे ‘सुधारण्याचा’ पर्याय बंद ठेवावा आणि मूळ फाइल कधीही पुसू नये. पुढच्या पिढीने आजीला पाहिलेले नसेल. पडद्यावर जे दिसेल, तेच तिला खरे वाटणार. धूसर का होईना, ती आजीच असलेली बरी.