आधी सारखं, मग उत्तम: काडतूस भरणाऱ्यांकडून लाडू वळणाऱ्यांनी काय घ्यावं



आजचा विषय वाचून दचकू नका. भामरागडमध्ये ‘काडतूस’ हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही, हे मला माहीत आहे. आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा बनवायचं कुणालाच नाही. मला फक्त ते भरणाऱ्यांची सवय तुमच्या मोहाच्या लाडवांपर्यंत आणायची आहे.

अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेली बरीच माणसं वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरच्या टेबलावर पुन्हा भरतात. जिन्नस चारच: पुंगळी, तिच्या बुडाशी पेटवणारी टोपी, दारू आणि वर गोळी. दारू कमी-जास्त झाली की गोळीचा वेग बदलतो आणि लांबच्या निशाण्यावर ती वर-खाली लागते. म्हणून ही माणसं दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. सोनाराची गुंज आठवा. ती सुमारे १२० मिलिग्रॅमची, म्हणजे हे माप तिच्याही अठराव्या भागाच्या आसपास!

आता हे सगळं ते हाताने का करतात? पैसे वाचतात हे एक कारण. पण दुसरं कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. कारखान्यात भरलेल्या मालापेक्षा जास्त सारखा माल त्यांना हवा असतो. यंत्रापेक्षा जास्त सारखा, आणि तोही हाताने!

मी हे मुद्दाम सांगतोय, कारण भामरागडला एका बचत गटात मला नेमकं उलटं ऐकायला मिळालं. पाकिटावर २५० ग्रॅम छापलेलं. आम्ही वीस पाकिटं काट्यावर ठेवली. सगळ्यात हलकं २२८ भरलं, सगळ्यात जड २८१. एक ताई हसून म्हणाल्या, “सर, हाताचं काम आहे, थोडं इकडेतिकडे होणारच.” चव विचाराल तर एक नंबर होती. पण नागपूरच्या एका दुकानदाराने दुसरी ऑर्डर दिली नव्हती. पहिल्या खेपेचे लाडू मऊ होते आणि दुसऱ्या खेपेचे दाताला लागत होते, एवढंच त्याचं म्हणणं. जादा भरलेल्या पाकिटात तुमचा गूळ फुकट जातो, कमी भरलेल्यात नाव जातं. शिवाय वैध मापन शास्त्र विभागाचा निरीक्षक आला तर त्याला “हाताचं काम” हे उत्तर चालत नाही.

माझं मत कुणाला पटो न पटो, स्पष्ट सांगतो. नवा उद्योजक ‘सगळ्यात भारी’ माल बनवायच्या मागे लागतो, आणि तिथेच चुकतो. नेमबाजाकडे बघा. पाच गोळ्या रुपयाएवढ्या जागेत लागल्या, पण मधोमध न लागता चार बोटं डावीकडे लागल्या, तर त्याला चिंता नसते. तो बंदुकीची माशी थोडी सरकवतो आणि काम होतं. पण एक मधोमध आणि चार कागदभर विखुरलेल्या असतील, तर सरकवणार काय? तुमचे सगळे लाडू सारखेच जरा जास्त गोड असतील तर गूळ कमी करता येतो. एक गोड, एक अगोड, एक कडक असेल तर कस्टमर काय म्हणतोय तेच तुम्हाला कळणार नाही.

सारखेपणा येतो कुठून? ही माणसं एकाच कंपनीच्या, तितक्याच वेळा वापरलेल्या पुंगळ्या वेगळ्या काढतात. दारूचा नवा डबा उघडला, नाव तेच असलं तरी लॉट नंबर बदलला, की कमी मापापासून पुन्हा तपासत वर येतात. एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि वहीत लिहितात. तीन गोळ्या जवळजवळ लागल्या की नवखा खूश होतो, जुना माणूस आणखी दहा मारून बघतो. (तीन नातेवाइकांनी लाडवाचं कौतुक केलं म्हणून ऑर्डर घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

तुमचा ‘डबा’ म्हणजे मोहफूल. मार्च-एप्रिलमध्ये वेचून कडक वाळवलेलं फूल आणि श्रावणात ओल धरलेलं फूल, दोन्ही किलोभर घेतलं तरी आतलं फूल सारखं येत नाही, कारण दुसऱ्यात पाण्याचं वजन आहे. मग लाडू कसे सारखे होणार? फूल हवाबंद डब्यात ठेवा, डब्यावर गाव आणि तारीख लिहा, आणि लाडू करण्याआधी पुन्हा ऊन किंवा मंद आच दाखवा.

गुळाचं गणित वेगळं, तो तुम्ही बनवत नाही. इथे कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेंचा खेळ आठवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. त्या खेळातलं .२२ चं काडतूस पुन्हा भरता येत नाही. म्हणून मोठे नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्या बंदुकीतून मारून बघतात आणि जो जुळेल तोच साठवतात. तुम्हीही तीन दुकानांतून एकेक किलो गूळ आणा, लाडू करून बघा, आणि जुळेल त्याची हंगामाची भेली एकदम घ्या.

आणि हे पावसाआधी करा. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि आलापल्लीहून काही आणायचं म्हटलं तरी वाट बघत बसावं लागतं.

या रविवारी एवढंच करा. वीस पाकिटं घ्या, एकेक काट्यावर ठेवा, आकडे वहीत लिहा. सगळ्यात जड वजा सगळ्यात हलकं, तो आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, खाली तारीख आणि गुळाचं दुकान. काटा सेलवर चालत असेल तर आधी नवे सेल घाला.