औषधाची परीक्षा आणि शेतकऱ्याचा अंगठा

अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत नवें बियाणें निघालें म्हणजे तें आधीं वाफ्यांत पेरतात, शेजारच्या वाफ्यांत जुनें पेरतात, आणि दोहोंचें पीक तोलून मगच तें शेतकऱ्याच्या हातीं देतात. नव्या औषधाची परीक्षा याच रीतीनें होते. मात्र येथें वाफा म्हणजे माणसाचा देह होय. कांहीं रोग्यांना नवें औषध मिळतें, कांहींना जुनें, कांहींना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी, आणि कोणाच्या वांट्याला काय यावें तें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें.

या परीक्षेला आमचा विरोध नाहीं. तिच्यावांचून औषध कोणतें आणि अंगारा कोणता हें कळावयाचें कसें? गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ गांवांत शिकवून तयार केलेल्या बायांकडून घरोघरीं तान्ह्या बाळांची निगा करविली व ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. निगा झालेल्या गांवांत बाळांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटल्याचें १९९९ सालीं जगापुढें आलें. २०११ पासून सरकारनें हेंच काम 'आशा' बायांकडे सोंपविलें.

पण चिठ्ठी उलटी पडली त्यांचें काय? धाराशिव, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मुंबईच्या टाटा रुग्णालयानें व इतर संस्थांनीं १९९९ पासून खेड्यांतील १,३१,७४६ बायांचे चार गट केले. रोग होता गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. तीन गटांची निरनिराळ्या तऱ्हेनें तपासणी केली, चौथ्याची केली नाहीं. २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची एकदांच तपासणी ज्या गटाला देऊं केली, त्यांतील ३४,१२६ बायांत या रोगानें ३४ दगावल्या. चौथ्या गटांतील ३१,४८८ बायांत ६४. या ज्ञानाचा उपयोग साऱ्या जगाला झाला. परंतु परदेशांत जी तपासणी कित्येक वर्षें चालू होती, तिच्यावांचून चौथ्या गटाला ठेवावें काय, यावर डॉक्टरांतच वाद माजला. आमच्या मतें ठेवावयास नको होतें.

त्याच २००९ सालीं त्या वेळच्या आंध्रांतील खम्मम जिल्ह्यांत शाळकरी मुलींना याच रोगावरील लस टोंचली. वसतिगृहांतील मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजीं वॉर्डनांनीं व मुख्याध्यापकांनीं सह्या केल्याचें पुढें चौकशींत निघालें. ज्यांचीं मुलें मेळघाटच्या आश्रमशाळांत आहेत, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

सावकाराच्या कागदावर न वाचतां अंगठे देऊन आपल्या वाडवडिलांनीं वावरें घालविलीं. दवाखान्यांतील भीड तर त्याहून मोठी. डॉक्टरसाहेब म्हणाले, "दादा, नवें औषध आहे, फुकट मिळेल, येथें सही करा," कीं आपण मान डोलावतों. पण पुष्कळ परीक्षांत औषध कंपनी डॉक्टरला दर रोग्यामागें पैसे देते, हें दादाला कोण सांगणार? कापसाच्या बाजारांत अडत्याची अडत निदान हिशोबपट्टीवर दिसत असे! काम करणाराला मोल मिळूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तें रोग्याला ठाऊक असावें, इतकेंच.

कायदा रोग्याच्या बाजूनें आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणें सर्व माहिती रोग्याला समजेल अशा भाषेंत द्यावी लागते. त्याला वाचतां येत नसेल, तर परीक्षेशीं संबंध नसलेला निःपक्षपाती साक्षीदार हजर पाहिजे. कागदाची प्रत रोग्याला मिळाली पाहिजे. मध्येंच केव्हांही बाहेर पडण्याची मोकळीक आहे, आणि बाहेर पडला म्हणून नेहमींचे उपचार बंद करतां येत नाहींत. परीक्षेमुळें अपाय झाल्यास उपचार फुकट, मृत्यु आल्यास वारसाला भरपाई. त्या कागदांत वारसाचें नांव लिहिण्याची जागा असते. ती कशासाठीं आहे हें घरच्या बाईमाणसांनींही सहीपूर्वीं विचारून घ्यावें. परीक्षेची नोंद सी.टी.आर.आय. या सरकारी नोंदवहींत असावी लागते. डॉक्टरांकडून नोंदीचा क्रमांक घ्यावा. घरांतील शिकता मुलगा किंवा मुलगी ती नोंद मोबाईलवर पाहूं शकेल.

अकोला व अमरावती येथील डॉक्टर मंडळींना आमची एक विनंती आहे. आपल्या दवाखान्यांत अशी परीक्षा चालू असेल, तर ती कोणत्या औषधाची, कोणत्या कंपनीची, आणि दर रोग्यामागें आपणांस काय मिळतें, हें दाराजवळच्या फळ्यावर मराठींत लिहावें.